थेऊर, पाबळ आणि कादंबरीकार

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने दौंड तालुक्यातील कासुर्डीकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत थेऊरचा फाटा लागतो. आणि कासुर्डीच्या उत्तरेस, भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात पाबळ आहे. थेऊरास थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मागे सती गेलेल्या रमाबाईंचे स्मारक, तर पाबळास मस्तानीची कबर. एका पेशवाईतल्या ह्या दोन स्त्रिया. एकीची आपण पूजा केली, दुसरीस पुष्कळ काळ बोल लावला, आणि अखेर दोघींनाही कादंबरीत बसविले. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली व ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. आज मराठी घरांतून रमाबाई व मस्तानी ज्या रूपाने ओळखल्या जातात, ते रूप बखरींपेक्षा ह्या दोन पुस्तकांनी दिलेले आहे. म्हणूनच खऱ्या स्त्रीचे चरित्र कादंबरीत घालताना लेखक नेमके काय करतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘स्वामी’चे गुण सर्वमान्य आहेत, व १९६४ साली साहित्य अकादमीने तिचा गौरवही केला. ते गुण आम्हांसही मान्य आहेत. खिन्न, आजारी, कर्तव्यकठोर तरुण पेशवा आणि त्याची पत्नी ह्यांमधील संकोचलेले प्रेम देसायांनी मोठ्या हळुवार हाताने रंगविले आहे. परंतु इतिहास ह्या बाईविषयी सांगतो किती? ती पेशव्यांची पत्नी होती, तिला मूल नव्हते, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास पती निवर्तल्यावर ती सती गेली. माधवरावांच्या राजकारणाचे कागद गाड्याभर आहेत. रमाबाईंच्या मनाचा कागद नाही. ही पोकळी कादंबरीकाराने भरली ह्यात दोष नाही, तो त्याचा धर्मच होय. आमचा आक्षेप ती कशाने भरली ह्याविषयी आहे. कादंबरीतील सारा स्नेह चितेच्या दिशेने वाहतो, आणि चिता ही त्या स्नेहाची पूर्ती ठरते. जिच्या संमतीचा एक शब्दही मागे उरला नाही, तिच्या वतीने लेखक होकार भरतो. आणि तो इतका सुंदर भरतो की पुस्तक मिटताना वाचकाच्या डोळ्यांस पाणी येते, पण प्रश्न पडत नाही. १८२९ साली कायद्याने जी चाल बंगाल इलाख्यात बंद झाली, तिचे असे मंगल चित्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघावे, हे आम्हांस खटकते. सती जाण्यापूर्वीच्या रात्री त्या तरुण बाईला भय वाटले असेल, एवढी शंका तरी कादंबरीने जिवंत ठेवावयास हवी होती.

मस्तानीची गोष्ट उलट आहे. तेथे कागद अगदीच मुके नाहीत. पण ते बोलतात ते तिच्या विरोधकांच्या तोंडून. बाजीराव मोहिमेवर असता १७३९-४० च्या सुमारास चिमाजी अप्पा व नानासाहेब ह्यांनी तिला अटकेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव वारले, आणि त्यानंतर लवकरच तीही गेली. इनामदारांनी तिची बाजू घेतली, हे त्यांचे श्रेय निःसंशय मोठे. तथापि ‘राऊ’ हे नाव कोणाचे आहे, तेवढे पाहावे. मस्तानी तेथे पेशव्याच्या दुःखाचे कारण म्हणून वावरते. कोंडलेल्या खोलीतील दिवस तिने कसे काढले, ह्यापेक्षा तिच्यावाचून राऊंचे काय झाले ह्याकडे लेखणीची ओढ अधिक. ह्याच कादंबरीवर आधारलेल्या २०१५ च्या हिंदी चित्रपटात तर काशीबाई व मस्तानी ह्यांस एकत्र नाचविले आहे. त्याविषयी न बोललेलेच बरे.

कोणी म्हणेल, मग लेखकाने कल्पना लढवूच नये काय? अवश्य लढवावी. हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ मध्ये कमलकुमारी कल्पिली, तिच्याविषयी कोणाचीच तक्रार असू शकत नाही; ती सर्वस्वी त्यांची आहे. खऱ्या बाईचे नाव घेतले की मात्र आपण उसन्या मालावर व्यवहार करीत असतो. श्री. ज. जोशी ह्यांस ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) लिहिताना ह्या बाबतीत भाग्य लाभले होते. आनंदीबाईंची पत्रे होती, १८८३ साली श्रीरामपूर येथे त्यांनी केलेले भाषण होते, काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेले चरित्र होते. कल्पना भरकटू लागली की ही बाई स्वतःच लेखकाचा हात धरते. तरीही गोपाळराव पुष्कळ जागा अडवून बसतात, ही गोष्ट निराळी.

हात धरावयास पत्रे नसतील, तर निदान कृती असतात. चासकर जोशांची काशीबाई घ्या. मस्तानीचा मुलगा शमशेर बहादर १७४० साली सहा वर्षांचा होता; आई गेल्यावर त्याला काशीबाईंनी वाढविले. हा मुलगा पुढे १७६१ साली पानिपतावर लढला व जखमी होऊन वारला. सवतीचे मूल पोटाशी धरणे हे औदार्य होते, की घराण्याचा हिशेब, की तिऱ्हाइतास न समजणारे दोन बायकांमधले काही? प्रेमाच्या त्रिकोणात ह्या प्रश्नास जागा नाही, आणि म्हणून तो आपल्या कादंबऱ्यांत कोपऱ्यात पडून राहतो. वास्तविक लेखकाने शनिवारवाड्यातील नेमक्या त्या दिवसापाशी थांबावयास हवे, ज्या दिवशी त्या मुलाने आपली आई कोठे आहे म्हणून विचारले असेल, आणि उत्तर देण्याची पाळी काशीबाईंवर आली असेल.