षष्ठीची छक्कड

अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड ऐकताना कान एका प्रत्ययावर खिळतो. ओळीमागून ओळ 'ची'वर येऊन टेकते. यमक म्हणून साधंच. पण षष्ठीचा हा प्रत्यय नात्याचा आणि मालकीचा. ज्याच्या हाती काहीच उरलेलं नाही, तो माणूस अखंड 'कुणाची' एवढंच सांगत राहतो. या छक्कडीचा प्राण मला इथे सापडतो.

सुरुवातीला मैनेचं रूप आहे. वर्णनाचा थाट लावणीचा, डोळे मात्र नवऱ्याचे. गरिबी ताटातूट करते. भल्या पहाटे भाकरी बांधून तो निघतो, ती गावदरीपर्यंत सोबत येते. तिला हसवायला तो शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज कबूल करतो. ती हसत नाही. हात उंचावून उभी राहते. मग मुंबईचा पाऊस. डोक्यावर छत्री नाही, खिशात भरतं ते पाणी. एवढ्या दागिन्यांच्या यादीनंतर एका छत्रीची ही वाण काळजाला घरं पाडते.

वाटेगावहून कुटुंबासोबत पायी मुंबईला आलेल्या अण्णाभाऊंना ही वाट पायांनी ठाऊक होती. १९४३ साली मिसिसिपीतून शिकागोला गेलेल्या मडी वॉटर्सचं ब्लूजही अशाच स्थलांतरातून शहरात आलं. पण ब्लूजमध्ये गळ्याला गिटार उत्तर देते. इथे झीलकरी देतात, आणि एकट्याचं दुःख बघता बघता सगळ्या फडाचं होतं.

म्हणूनच पुढचं वळण खटकत नाही. मैनेला लागलेला 'ची' तसाच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला लागतो, लढाईला लागतो. परळ, लालबाग, फाउंटन ही रोजच्या पायाखालची नावं इंद्रजित आणि लंकेच्या शेजारी रणभूमी होऊन उभी राहतात. १९४४ साली अण्णाभाऊंसोबत लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अमर शेखांच्या पहाडी आवाजाला साजेसा हा भाग. 'मुंबई कुणाची' हा प्रश्न अण्णाभाऊंच्या एका तमाशाचं नाव होता. त्याचं उत्तर गिरणगावानं रस्त्यावर दिलं.

आणि तरीही छक्कड विजयावर थांबत नाही. मुंबई मिळाली, बेळगाव, कारवार, निपाणी राहिले. शाहीर पुन्हा मैनेकडे वळतो, कारण तिची आणि खंडित महाराष्ट्राची गत एकच. १ मे १९६० उलटून इतकी वर्षं झाली, तरी गावदरीतला तो उंचावलेला हात खाली आलेला नाही.