नागार्जुनकोंड्याचे संग्रहालय

कृष्णेच्या जलाशयातील नागार्जुनकोंडा बेटावरचे संग्रहालय पाहून आम्ही परतलो, ते संमिश्र मनाने. नागार्जुनसागर धरणाचे पाणी चढण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, इक्ष्वाकूंच्या विजयपुरीचे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू टेकडीवर हलवून पुन्हा उभारण्यात आल्या. हा उद्योग निःसंशय वंदनीय होय. अश्मयुगीन हत्यारे आणि पलनाडच्या हिरवट चुनखडीतील शिल्पे यांची मांडणीही नेटकी आहे. तथापि आमची तक्रार निराळी आहे. राजा चांतमूल याने अश्वमेध केला. त्याची बहीण चांतसिरी हिने बौद्धांचे महाचैत्य उभारविले. अष्टभुजस्वामीचे देवालय आणि भिक्षूंचे विहार एकाच खोऱ्यात नांदत होते. वस्तू दालनादालनांत विभागल्या की हे सहजीवन दृष्टीआड होते. ते दिसते केवळ बुडालेल्या खोऱ्याच्या प्रतिकृतीत; आणि बहुतेक प्रेक्षक तिच्यापुढून घाईने निघून जातात. आमच्या मते दर्शनाचा आरंभच त्या प्रतिकृतीपासून व्हावा. मूर्ती उचलून नेता येते, तिचा शेजार नेता येत नाही. तो निदान समजावून सांगणे हे संग्रहालयाचे कर्तव्य आहे. देवालयांच्या छायेत वाढलेल्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको.