सामाईक खतावणी आणि कॅश

चिखलीसारख्या बाजारपेठेत एखाद्या अडत्याच्या पेढीवर दोन संगणकांवरून ॲक्सेसमधील एकच खतावणी लिहिली जाते, असे समजू. ती बिघडताच दोष ॲक्सेसला दिला जातो. हे निदान अपुरे होय. १९९२ साली आलेल्या या प्रणालीत सर्व्हर केवळ फाइल सांभाळतो. लेखन प्रत्येक संगणक स्वतः करतो. जाळ्याची कार्यप्रणाली वेगासाठी ते लेखन संगणकाच्या कॅशमध्ये राहू देते व दुसऱ्याने फाइल मागताच परत मागवते. तेवढ्यात जोडणी तुटली, तर नोंद आणि अनुक्रमणी यांचा मेळ सुटतो. शेतकऱ्याचे येणे त्या फटीत हरवू शकते. २०१८ मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीनंतर अशा तक्रारी आल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरील ही सवलतच बंद करण्याचा तात्पुरता उपाय सुचविला. सारांश, खतावणी सामाईक असली, तरी लेखणी एकट्या सर्व्हरच्याच हाती हवी.