अनुबोधपट आणि साक्षीचे उत्तरदायित्व

‘डॉक्युमेंटरी’साठी मराठीत रुळलेल्या ‘अनुबोधपट’ या संज्ञेत बोध करणारा आणि बोध घेणारा अशी विभागणी गृहीत आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने चित्रपटगृहांतून सक्तीने दाखविल्या जाणाऱ्या लघुपटांद्वारे ती घट्ट केली. शासनाने सांगावे आणि नागरिकाने ऐकावे, असा तो व्यवहार होता. आनंद पटवर्धन यांची निर्मिती या परंपरेच्या विरोधात उभी आहे, यात शंका नाही. परंतु ‘ते लोकांना जागृत करतात’ एवढे म्हणून समीक्षा थांबते, तेव्हा विभागणी तशीच राहते. बोध करणाऱ्याच्या जागी केवळ शासनाऐवजी दिग्दर्शक येतो.

‘हमारा शहर’ (१९८५) या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांना हटविण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस प्रकरणात जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. मात्र सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हक्क तत्त्वतः मान्य, झोपडी मात्र जमीनदोस्त, हा अंतर्विरोध या चित्रपटात निवाड्याच्या भाषेशिवाय दिसतो. त्यातील सर्वांत महत्त्वाचा क्षण पाडापाडीचा नाही. घर गमावलेली एक स्त्री संतापून कॅमेऱ्यामागच्या मंडळींनाच जाब विचारते, की आमची छायाचित्रे काढून तुम्ही आमच्यासाठी काय करणार? दिग्दर्शकाला हा प्रसंग सहज कापता आला असता. तो ठेवल्यामुळे कथनाची सत्ता काही काळ चित्रित व्यक्तीकडे जाते, आणि प्रेक्षकाच्या सहानुभूतीचा सुखद आधार काढून घेतला जातो. प्रश्न दिग्दर्शकाला विचारलेला असला, तरी काळोखात बसलेल्या आपल्यालाही तो चुकविता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर संहितेत मिळत नाही, ते संहितेबाहेर शोधावे लागते. १९८६ मध्ये संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेल्यावर झालेल्या उपोषणात पटवर्धन रहिवाशांबरोबर बसले होते. रूपवादी समीक्षक याला चरित्रात्मक तपशील म्हणतील. परंतु ज्या कृतीतच दिग्दर्शकाला जाब विचारला गेला आहे, तिच्या बाबतीत ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांची रेषा इतक्या निश्चिंतपणे ओढता येत नाही.

‘हमारा शहर’मध्ये गाणारे शाहीर विलास घोगरे यांच्यामुळे हे उत्तरदायित्व पुढच्या कृतीपर्यंत पोहोचले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यातून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली (२०११). हा विलंब कृतीच्या अर्थाचाच भाग आहे. चौकशी, खटला, निवडणुकांतील बदलत्या युती या साऱ्यांतून न्याय कसा झिजत जातो, हे एका वर्षात पुऱ्या होणाऱ्या चित्रपटाला दाखविता आले नसते. शिवाय डाव्या चळवळीत वावरलेल्या शाहिराने अखेरच्या क्षणी कपाळाला निळी पट्टी बांधावी, ही गोष्ट वर्ग आणि जात यांच्या संबंधाविषयी त्या चळवळीने टाळलेला प्रश्न पुढे आणते.

या चित्रपटाचे दौर्बल्य मला इतरत्र जाणवते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर येणाऱ्या गर्दीविषयी सुस्थित शहरवासी तुच्छतेने बोलतात, त्या मुलाखती परिणामकारक आहेत. पण त्यांतील उपरोध फार सोपा आहे. सभागृहात हशा पिकतो आणि हसणारा सुशिक्षित सवर्ण प्रेक्षक स्वतःला त्या बोलणाऱ्यांपासून वेगळा काढतो. पूर्वीच्या चित्रपटातील त्या स्त्रीने ही मोकळीक दिली नव्हती.

कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांचे गाणे याच चित्रपटात आहे. एप्रिल २०१३ मध्ये त्या आणि सचिन माळी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. मंचाच्या बचावासाठी समिती उभी राहिली, तीत पटवर्धन होते. ज्यांचे चित्रण केले, त्यांच्याशी असलेले नाते पडदा कोरा झाल्यावर संपत नाही, हे इथेही दिसते. आपल्या विद्यापीठांतील चित्रपट-अभ्यासात मात्र या नात्याला अद्याप संज्ञाही नाही.