एका छताखालचे आणि छतापलीकडचे : ज्ञानरंजन, एलकुंचवार आणि परसाई

कुटुंबाच्या स्थित्यंतराची साहित्यसमीक्षेतील चर्चा बहुधा 'एकत्र' आणि 'विभक्त' या द्वंद्वाभोवतीच फिरत राहते. जबलपूर ही कर्मभूमी असलेले हिंदी लेखक ज्ञानरंजन आणि हरिशंकर परसाई यांचे लेखन महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'शेजारी ठेवून वाचले, तर या द्वंद्वाच्या मर्यादा स्पष्ट होतात. या तुलनेला भूगोलाचाही आधार आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांताचे भाग होते, नागपूर ही त्याची राजधानी होती, आणि ज्ञानरंजन यांचा जन्मही १९३६ साली अकोल्याचा.

ज्ञानरंजन यांच्या 'पिता' या साठोत्तरी कथेतील कुटुंब रूढ अर्थाने एकत्रच आहे. मुले कमावती आहेत, वडिलांना सुख देऊ इच्छितात. वडील मात्र उन्हाळ्याच्या रात्री पंखा नाकारून बाहेर खाटेवर तळमळतात, न्हाणीघर सोडून बाहेरच्या नळावर आंघोळ करतात, मुलांनी आणलेली फळे घेत नाहीत. येथे विभाजन झालेले नाही आणि भांडणही निर्णायक नाही. तरीही कुटुंब आतून दुभंगले आहे. वडिलांचा नकार हा केवळ हट्ट नव्हे. देणाऱ्याचे स्थान सोडून घेणाऱ्याच्या स्थानी बसणे त्यांना अशक्य आहे. सत्तेचे हे अंतर छत एक असल्याने मिटत नाही, उलट अधिक असह्य होते.

१९८५ साली रंगभूमीवर आलेल्या 'वाडा चिरेबंदी'त तात्याजींच्या मृत्यूने देशपांडे कुटुंब पुन्हा एका छताखाली येते, ते फुटण्यासाठीच. या नाटकाचे वाचन सहसा सरंजामी ऱ्हासाची शोकात्मिका म्हणून केले जाते. त्या वाचनात प्रभा आणि चंदू दुय्यम ठरतात. वस्तुतः घराचे कष्ट चंदू उपसतो आणि प्रभेची शिकण्याची इच्छा घराच्या प्रतिष्ठेखाली दडपली जाते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २३ व्या कलमानुसार अविवाहित मुलीला राहत्या घरात वास्तव्याचा हक्क होता; पुरुष वारसांनी वाटणीचा निर्णय घेईपर्यंत ती मागण्याचा हक्क मात्र स्त्री वारसाला नव्हता. हे कलम २००५ च्या दुरुस्तीने रद्द झाले. प्रभेची कोंडी या कायदेशीर वास्तवाशी तंतोतंत जुळते : ती घरात आहे, पण घर तिचे नाही. वाडा कोसळल्याचा शोक करणाऱ्या समीक्षेने तो कोणाचा होता, हेही विचारणे आवश्यक आहे.

परसाई (१९२४–१९९५) यांचे उदाहरण तिसऱ्या दिशेचे आहे. 'गर्दिश के दिन' या आत्मपर लेखनात प्लेगने झालेला आईचा मृत्यू, वडिलांचे खचणे आणि भावंडांची लहान वयात अंगावर आलेली जबाबदारी यांची नोंद आहे. ते अविवाहित राहिले. विधवा बहीण आणि तिची मुले हेच त्यांचे घर झाले. हे घर 'एकत्र'ही नव्हे, 'विभक्त'ही नव्हे. त्याच्या केंद्रस्थानी विवाह नाही, वडिलोपार्जित संपत्तीही नाही. आहे तो स्वीकारलेला भार.

तिन्ही ठिकाणी कुटुंब वेगवेगळ्या गोष्टींवर उभे आहे : 'पिता'त अधिकारावर, 'वाड्या'त मालमत्तेवर, परसाईंच्या घरात उत्तरदायित्वावर. पहिल्या दोहोंचे आधार काळाच्या ओघात खचतात. तिसऱ्याचा टिकतो, कारण तो वारशाने मिळालेला नसून रोज निभावला जातो. त्याला भाबड्या आदर्शाचे रूप मात्र देता येत नाही. चंदूही भार वाहतोच, पण त्याच्या श्रमाला निवडीचे स्वातंत्र्य नाही. भार कोणावर लादला गेला आणि कोणी स्वीकारला, हा भेदच निर्णायक आहे.

२०२२ साली दीपिका सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित सहजीवन, समलिंगी नाती, पुनर्विवाह आणि दत्तकविधान यांतून घडणारी कुटुंबेही कुटुंबेच होत, अशी भूमिका घेतली. साहित्याने अशी घरे त्याआधी कितीतरी वर्षे पाहिली होती. समीक्षेची परिभाषा मात्र अद्याप छत मोजण्यातच गुंतलेली आहे.