‘रँडू’ची यदृच्छता आणि मार्केट यार्डातील रांग

गणकयंत्रावर एखाद्या व्यवहाराचे अनुकरण करावयाचे झाल्यास यदृच्छ संख्यांचा आधार घ्यावा लागतो. परंतु यंत्र आज्ञेबाहेर जात नाही. त्यामुळे गणिती रीतीने त्याने दिलेल्या संख्या यदृच्छ नसतात, तशा भासतात इतकेच. हा भास कितपत टिकतो याची परीक्षा, त्या संख्या ज्या कामी लावल्या जातात त्या कामावरूनच झाली पाहिजे. आयबीएमच्या ३६० मालिकेतील यंत्रांबरोबर प्रसृत झालेली ‘रँडू’ ही उपआज्ञावली या कसोटीस लावून पाहण्याजोगी आहे.

तिची कृती सोपी आहे. मागील संख्येस ६५५३९ ने गुणावे आणि २ च्या ३१ व्या घाताने भागून उरलेली बाकी ही पुढील संख्या मानावी. त्या बाकीस त्याच घाताने भागले की ० व १ यांमधील अपूर्णांक मिळतो. गुणक २ च्या १६ व्या घाताहून केवळ ३ ने मोठा असल्याने गुणाकार झटपट होतो. आरंभीची बीजसंख्या विषम असल्यास ५३ कोटींहून अधिक पायऱ्यांपर्यंत पुनरावृत्ती होत नाही. हे गुण नाकारण्याचे कारण नाही.

आता पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचे उदाहरण कल्पावे. पुरंदर, खेड, जुन्नर या भागांतून भाजीपाल्याच्या गाड्या येतात. प्रत्येक गाडीसाठी तीन संख्या लागोपाठ घेतल्या जातात: पहिलीवरून मागील गाडीपासूनचे अंतर, दुसरीवरून मालाचे वजन आणि तिसरीवरून माल उतरविण्यास हमालांना लागणारा वेळ. रांग किती लांबेल, आणखी एक फाटक उघडावे काय, हे या अनुकरणावरून ठरावयाचे आहे. पालेभाजी रांगेत कोमेजली तर तिचा भाव उतरतो आणि तो तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो. म्हणजे येथील चूक कागदावरच राहणारी नव्हे.

रँडूचा मूळ दोष नेमका येथे उघड होतो. तिच्या गुणकाचा वर्ग केला असता असे निष्पन्न होते की, तिसरी संख्या ही दुसरीच्या सहापटीतून पहिलीची नऊपट वजा केल्याने मिळते. पहिला अपूर्णांक ०.०१ व दुसरा ०.५० असेल तर ३.०० मधून ०.०९ वजा जाऊन २.९१ उरतात, पूर्णांक सोडला की तिसरा अपूर्णांक ०.९१ हाच येणार. पहिला अपूर्णांक शून्याच्या किंवा एकाच्या निकट असताना तर उतरविण्याचा वेळ जवळजवळ एकट्या वजनावरूनच ठरून जातो. आणि गाड्यांची दाटी नेमकी अशाच एका टोकाशी असते. अशी त्रिके अवकाशात सर्वत्र न विखुरता केवळ १५ समांतर प्रतलांवर पडतात. या जातीच्या सर्वच रीतींत प्रतले असतात, हे मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखविले. परंतु रँडूत त्यांची संख्या फारच थोडी आहे. एकेक संख्या किंवा जोड्या तपासून हा दोष हाती लागत नाही. बीजसंख्या बदलून शंभर वेळा प्रयोग केल्यानेही तो जात नाही. उलट, चुकीच्या सरासरीवरील विश्वास मात्र वाढतो.

दुसरा दोष अधिक ठळक आहे. बीज विषम असल्यास सर्व संख्या विषमच येतात. सम-विषमावरून दोन फाटकांपैकी एक निवडावे अशी आज्ञा दिल्यास एका फाटकाशी अखंड रांग लागेल आणि दुसरे ओस पडेल. चार फाटकांसाठी चाराने भागून बाकी घेतल्यास १ व ३ या बाक्याच आलटून पालटून येत राहतील. असा निष्कर्ष पाहून बाजारातील नोंदींना दोष देणारा संशोधक रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे शोधत असतो.

तिसरी अडचण यंत्राची आहे. ३२ अंकस्थानांच्या शब्दात गुणाकार मावेनासा झाला की वरचे अंक गळून पडतात, या गृहीतावर रँडू उभी आहे. निराळ्या शब्दलांबीच्या यंत्रावर तीच आज्ञावली निराळ्या संख्या देईल. म्हणून प्रथम १ हे बीज देऊन ६५५३९, ३९३२२५, १७६९४९९ हा क्रम मिळतो काय, हे पाहावे. क्रम जुळल्यास यंत्र निर्दोष ठरते, रीत नव्हे.

यावर उपाय उपलब्ध आहेत. पार्क व मिलर यांनी १९८८ साली पुरस्कारिलेल्या रीतीत गुणक १६८०७ असून भाजक २ च्या ३१ व्या घाताहून एकाने लहान आहे. १ या बीजापासून दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ ही संख्या आली पाहिजे. सोळा अंकस्थानांच्या यंत्रांसाठी विखमन व हिल यांची १९८२ ची रीत आहे. मात्र कोणतीही रीत अंतिम मानू नये. तेच अनुकरण भिन्न रचनेच्या दोन रीतींनी चालवावे आणि रांगेची लांबी दोहोंत जुळली तरच फाटकाचा निर्णय करावा.