कुक्कुट प्रजननातील जनुकीय प्राचलांचे आकलन : पद्धतींचा चिकित्सक विचार

आपल्याकडील कृषी-संशोधनात संख्याशास्त्रीय पद्धती रुजविण्यात पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. पानसे हे कापसाच्या आनुवंशिकीचे अभ्यासक. त्यामुळे हिंगणघाटच्या कापूसपट्ट्यास ही परंपरा परकी नाही. परंतु आखीव शेतप्रयोगास लागू पडणारे प्रचरण-विश्लेषण कुक्कुटगृहातील नोंदींना जसेच्या तसे लावणे योग्य आहे काय, हा प्रश्न उरतो.

एका नरास अनेक माद्या या रचनेत नर-घटकाच्या चौपटीस एकूण प्रचरणाने भागून आनुवंशिकता काढली जाते. मादी-घटकावरून काढलेले मूल्य प्रभाविता व मातृपरिणाम यांच्या मिश्रणाने फुगते. दुसरीकडे, तलंगांना एकमेव झेड गुणसूत्र पित्याकडून मिळते. म्हणून लिंगसंलग्न परिणाम असल्यास अंडी-उत्पादनाबाबत नर-घटकही निर्दोष राहत नाही. शिवाय मरतुक व निवड यांमुळे कुटुंबांचे आकार असमान होतात. अशा असमतोल सामग्रीसाठी हेंडरसन यांनी १९५३ मध्ये तीन पद्धती दिल्या. तरीही प्रचरण ऋण येण्याचा दोष उरला. पॅटर्सन व थॉम्पसन यांची १९७१ ची रेमल पद्धती हा दोष टाळते. संपूर्ण वंशावळ व निवडीस आधारभूत नोंदी समाविष्ट केल्यास ती निवडीचा परिणामही बऱ्याच अंशी हिशेबात घेते.

तथापि रेमल हा रामबाण उपाय नव्हे. मातृपरिणाम प्रतिमानात न घेतल्यास तीही फसते, आणि मोजक्या नरांवरील आकलनाची प्रमाणत्रुटी मोठीच राहते. म्हणून प्रमाणत्रुटीविना दिलेले आनुवंशिकतेचे मूल्य परीक्षकांनी स्वीकारू नये. फुगलेल्या मूल्यावर आखलेली निवड अपेक्षित सुधारणा देत नाही आणि त्याचा तोटा अखेर कुक्कुटपालकास सोसावा लागतो.